बटणची गादी

गादीवाल्या काकूंच्या तोंडात खिळे असले की त्यांच्या नवऱ्याचा दिवस बरा जायचा. सोफ्याला कापड ठोकताना बारीक खिळे मूठभर ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाला तो टिपायचा आणि ठक्. असं केलं की दोन्ही हात कापड ओढायला मोकळे राहतात. तोंड तेवढं अडकतं. काकूंचे यजमान, ज्यांना सगळे सुतारकाका म्हणत, ते पलीकडे खुर्च्यांचे सांगाडे सांधायला बसायचे आणि मनात साठलेलं सगळं त्या वेळात बोलून घ्यायचे. खिळे संपले की काकूंची उत्तरं यायची. तीही साठलेलीच, आणि एकदम.

सासऱ्यांच्या हाताखाली शिकून काकू या कामात पडल्या आणि सासऱ्यांपेक्षा चांगल्या निघाल्या. सासरे तसं म्हणाले मात्र कधी नाहीत. ते फक्त आपली वाकडी सुई एक दिवस सुनेच्या पुढ्यात ठेवून बाहेर फिरायला निघून गेले. पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्यांचं घर आणि दोन्हींच्या डोक्यावर लांबलचक माळा. या माळ्यावर काकूंचा जीव होता. कुठलाही जुना सोफा उकलला की त्यातला काथ्या, कापूस, लोकर, फोम, गोणपाट, सगळं चाळून, झटकून, गाठोडी बांधून वर जायचं.

"लागतं कधीतरी," असं काकू म्हणायच्या.

"काय लागतं? माझं डोकं लागतं," सुतारकाका म्हणायचे, कारण गाठोडी आता माळ्याच्या कडेवरून खाली लोंबायला लागली होती. "एक दिवस हा माळा माझ्या अंगावर कोसळेल. तेव्हा मला बाहेर काढू नकोस. आयती गादी मिळाली म्हणून झोपेन तिथेच."

या घरात बटण आला तो असाच, स्वतःच्या पायांनी. दारात एक मोडकी आरामखुर्ची उकलून ठेवली होती, स्प्रिंगा काढलेल्या, मधे नुसता खड्डा. सकाळी बघतात तर खड्ड्यात एक काळं, गोल नाकाचं पिल्लू वेटोळं करून पडलेलं. अगदी खुर्चीच्या पाठीवर ठोकलेल्या बटणासारखं. काकूंनी त्याला उचललं, उलटसुलट केलं, पोट दाबून पाहिलं, जसा कापसाचा नमुना बघावा, आणि म्हणाल्या, "भरण कमी पडलंय याच्यात."

झालं. बटण राहिला आणि भरत गेला.

आता गादीवालीच्या घरी राहणारा कुत्रा फरशीवर झोपेल तर धंद्याची अब्रू काय राहील? काकूंनी बटणला गादी शिवली. खाली काथ्या, त्यावर लोकर, वर कापूस, भोवती दोरा भरून शिवलेली कड. बघणाऱ्याने बोट ठेवावं आणि "हीच दाखवा" म्हणावं, अशी. एका गिऱ्हाइकाने तसं विचारलंही होतं. काकूंची रीत अशी पडली की कुठला चांगला सोफा उकलला की त्यातला उत्तम वाटा बटणचा. जुनं भरण दबलं की ते माळ्यावर जायचं आणि ताजं उकललेलं गादीत. पंगतीतला पहिला घास काढून ठेवावा तसा.

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मुलगी आली.

काकूंची एकुलती एक मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिला वर्षाच्या आतली मुलगी होती, नुकती रांगायला लागलेली, वाटेत येईल ते तोंडात घालणारी. बाळंतपणाची रजा संपत आली होती. ठरलं असं की शाळा सुरू झाली की मायलेकींनी काही महिने काकूंकडे राहायचं. दुकानाच्या मागेच घर, शाळा जवळ, आजी-आजोबा दिवसभर घरात. काकूंनी तर पाळण्याची गादी दोनदा शिवून दोनदा उसवली होती, पसंत पडेना म्हणून. मुलगी त्या दिवशी एकटीच खोली बघायला आली आणि बटणच्या गादीपाशी थबकली.

"आई, गादीवर तांदूळ कुणी सांडले?"

"तांदूळ? कुठले तांदूळ?"

मुलगी वाकली आणि ताडकन सरळ झाली. "आई! हा तांदूळ चालतोय!"

सुतारकाका चष्मा लावून आले. दोन-तीन पांढरे, चपटे दाणे होते. त्यातला एक खरंच आळस दिल्यासारखा लांब झाला आणि आखडला. बटणने त्याच वेळी बूड जमिनीला टेकवून पुढच्या पायांनी खोलीभर घसरगुंडी करून दाखवली. एरवी या खेळाला सगळे हसायचे. आज कुणी हसलं नाही.

"जंत आहेत त्याला," मुलगी म्हणाली. "आणि माझं बाळ याच फरशीवर रांगणार. नाही, आई. मी स्पष्ट सांगते. शाळा सुरू होईपर्यंत हा बरा झालेला दिसला पाहिजे. नाहीतर त्याला दुसरीकडे ठेव. नाहीतर मी सासूबाईंकडेच राहते. त्यांच्याकडे निदान सगळं स्वच्छ तरी असतं."

शेवटचं वाक्य काकूंना दाभणासारखं टोचलं. विहीणबाईंचं घर स्वच्छ आणि आपलं काय? पण दाणे समोर वळवळत होते. एकीकडे नात, एकीकडे बटण, आणि नातीला डोळे भरून पाहायचं तर बटणचं पोट साफ व्हायला हवं. काकूंनी पदर खोचला.

जनावरांची डॉक्टरीण कोपऱ्यावरच होती. तरुण, मोठ्या आवाजाची, म्हशीलाही धाक बसेल अशी. तिने दाणे पाहिले, बटणला काट्यावर उभं केलं, वजनाच्या हिशेबाने गोळी दिली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "काकू, हा पट्टकृमी. हे दाणे म्हणजे त्याचे तुकडे. प्रत्येकात अंडी. वाळले की काकडीच्या बियांसारखे दिसतात. गोळीने आतला किडा मरेल. पण तो आत गेला कसा, ते विचारा."

"कसा गेला?"

"पिसवांतून. पिसवेची अळी ही अंडी खाते, तिची पिसू होते, पिसू कुत्र्याला चावते, कुत्रा दातांनी खाजवता खाजवता पिसू गिळतो. गिळली की किडा पोटात. गोळी म्हणजे केर काढणं झालं. खिडकी उघडी ठेवलीत तर केर पुन्हा येणार."

"आणि बाळाला?"

"बाळाने बटणला हात लावला म्हणून काही होत नाही. बाळाच्या तोंडात पिसू गेली तर होतं. क्वचितच, आणि त्यावर औषधही आहे. पण क्वचित तरी का? पिसवा घालवा, किडा घालवा. मानेवर हे थेंब टाका. अंथरूण गरम पाण्यात धुवा. त्याची शी लगेच उचला, बाकीचे जंत त्यातून पसरतात. आणि काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवून बघा. लाल डाग पसरला तर ती पिसवांची घाण, त्यात रक्त असतं. मातीचा डाग लाल होत नाही."

काकू घरी आल्या आणि कामाला लागल्या. कामाला लागलेल्या काकूंपासून लांब राहावं, हे सुतारकाकांना लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं होतं. फरशी घासली. कोपरे खरडले. बटणला आंघोळ घातली आणि तो कोरडा झाल्यावर थेंब टाकले. गादीची खोळ उसवली, उकळत्या पाण्यात बुडवली, इस्त्री केली. आणि मनाशी म्हणाल्या, नुसती खोळ का? आतलंही बदलू. गादीतलं जुनं भरण काढून त्यांनी माळ्यावर टाकलं आणि त्याच आठवड्यात उकललेल्या एका भारी सोफ्यातली लोकर आत भरली. मऊ, दाट, अव्वल. सोफा होता विहीणबाईंचा.

सोफ्याचं भरण धुवायचं नसतं, हा काकूंच्या सासऱ्यांचा नियम. धुतलं की गोळे होतात, त्याचा जीव जातो. झटकायचं, पिंजायचं, ऊन दाखवायचं. काकूंनी सगळं नियमाने केलं.

महिना उलटला. बटण मजेत होता, घसरगुंडी बंद. काकूंनी मुलीला फोन केला, "ये बाई, पाळणा तयार आहे." आणि दुसऱ्याच सकाळी गादीवर दोन दाणे.

पुन्हा डॉक्टरीण, पुन्हा गोळी. "पिसवा आहेत कुठेतरी," ती म्हणाली. "थेंबांनी मरतात, पण मरायच्या आधी एखादी हा गिळतो. घरातच कुठेतरी पैदास चालू आहे. शोधा."

काकू शोधत होत्या. दरम्यान शेजारी सल्ल्यांची दुकानं उघडून बसले. समोरचा रंगवाला म्हणाला, लसूण ठेचून द्या, माझ्या आजोबांनी दिला होता. सुतारकाका लसूण सोलायलाही बसले. काकूंनी डॉक्टरणीला फोन लावला आणि तिचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू आला: "लसूण कुत्र्याला विषासारखा! कोण म्हणालं? फोन द्या त्याला!" रंगवाला रंगाचे डबे लावायला निघून गेला.

त्याच रंगवाल्याने दोन दिवसांनी मात्र हळूच विचारलं, "वहिनी, तशीच वेळ आली तर बटणला मी ठेवीन. समोरच तर आहे. दिसत राहील तुम्हाला."

चांगल्या मनाने बोलला होता. पण काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. बटणला गादी नव्हे, नुसता दगड उशाला दिला असता तरी तो याच उंबऱ्यात झोपला असता, हे त्यांना ठाऊक होतं. सुतारकाका रंधा मारत बसले. काकूंच्या तोंडात खिळे नव्हते, तरी दोघांपैकी कुणी बोललं नाही. 

आठवडाभराने विहीणबाईंकडून त्या सोफ्याच्याच संचातल्या दोन खुर्च्या आल्या. काकूंची कामाची एक रीत होती. जमिनीवर आधी पांढरी चादर अंथरायची, मग तिच्यावर खुर्ची उलटी करायची. निघालेला खिळा चादरीवर चमकतो, पायात जात नाही. खुर्ची चादरीवर आली. काकूंनी ओठांत खिळे धरले, पक्कड लावली, लाकडावर हातोडीचे दोनचार ठोके दिले.

चादरीवर एक काळा ठिपका पडला. काकूंनी बोट नेलं. ठिपका तिथे नव्हता. तो वीतभर पलीकडे होता.

आणखी एक ठोका. आणखी तीन ठिपके. मग खुर्चीच्या शिवणीतून पिठासारखी काळी पूड झरली. काकूंनी चादरीचा कोपरा तांब्यात बुडवला, पुडीवर टेकवला आणि बघत राहिल्या. कोपऱ्यावर गंजासारखा लालसर डाग पसरत गेला.

काकूंनी तोंडातले सगळे खिळे एकदम थुंकले. "अहो!"

सुतारकाका धावत आले. इतके खिळे एका वेळी जमिनीवर म्हणजे भूकंप झाला असणार.

"विहीणबाईंच्या मांजरी!" काकू ओरडल्या. "दोन्ही मांजरी याच खुर्च्यांत लोळतात! सोफाही त्यांचाच! त्या सोफ्यातली लोकर मी कुठे भरली?"

सुतारकाकांनी बटणच्या गादीकडे पाहिलं. बटणने सुतारकाकांकडे पाहिलं आणि कान खाजवला.

"म्हणजे तू गोळी देत होतीस पोटात," सुतारकाका हळूहळू म्हणाले, "आणि पिसवा देत होतीस पाठीखाली."

"देत होते! हौसेने देत होते! निवडून, पिंजून देत होते!" आणि काकूंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग त्या चादरीवरच बसल्या आणि पिसवांची आठवण होऊन ताडकन उठल्या. सुतारकाकांनी भिंतीला हात टेकला, त्यांनाही उभं राहता येईना. बटण दोघांभोवती भुंकत गोल फिरला.

डॉक्टरणीने फोनवर सगळं ऐकलं. "अहो काकू, पिसू कोषात गप्प बसून राहते, महिनोन्‌महिने. धक्का लागला, ऊब लागली की बाहेर उडी. तुमची हातोडी म्हणजे त्यांचा गजर! पहिल्या वेळीही अशाच कुठल्या सोफ्यातून आल्या असतील. आता सांगा, या भरणाचा साठा कुठे आहे?"

काकूंनी मान वर केली. माळा वर होता. आणि बटणच्या गादीतून काढलेलं सगळं त्या माळ्यावर होतं.

"अगं, ऐकतेस का?" सुतारकाका म्हणाले. "तू म्हणत असलीस तर—"

"शिडी आणा," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी गल्लीने जे पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. सुतारकाका माळ्यावर, डोक्याला फडकं बांधून. काकू खाली. वरून गाठोडं यायचं, काकू ते झेलायच्या, जाड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायच्या आणि तोंड इतकं करकचून आवळायच्या की पिसू काय, हवासुद्धा निघू नये. रंगवाला हातगाडी घेऊन आला. पहिल्या गाठोड्याला काकूंचा हात थोडा अडखळला. सासऱ्यांच्या वेळची पिवळी लोकर होती ती.

"लागेल का कधीतरी?" वरून सुतारकाकांनी विचारलं.

"टाका," काकू म्हणाल्या.

"पुन्हा म्हण."

"टाका म्हटलं ना!"

"ऐकलंत का हो?" सुतारकाका माळ्यावरून सगळ्या गल्लीला ओरडले. "टाका म्हणाली! लग्नापासून वाट बघतोय!" मग त्यांनी वर नाचायचा प्रयत्न केला आणि तुळईला डोकं आपटून घेतलं. पिसवांनी चावायची सोडलेली तेवढी एक जागा उरली होती, तीही सुटू नये म्हणून.

माळा मोकळा झाला. डॉक्टरणीने सांगितल्याप्रमाणे फटींतून व्हॅक्यूम फिरला आणि त्याची पिशवी बाहेर नेऊन बांधून टाकली, हे रोज, पुष्कळ दिवस. सांगेल ती फवारणी झाली, बटणला त्या दिवशी रंगवाल्याकडे ठेवून. खुर्च्या परसात नेऊन काकूंनी एकेक चिंधी उपटली, सांगाडे उन्हात तापवले. आणि बटणसाठी नवी गादी शिवली. आत एकच पातळ, धुता येणारी घडी, वर साधी सुती खोळ आणि एका कडेला चेन. सगळीच्या सगळी उकळत्या पाण्यात टाकता येईल अशी. चेन म्हणजे आळशी शिंप्याचं काम, असं काकू आयुष्यभर म्हणत आल्या होत्या. ती चेन बसवताना त्यांनी ओठांत खिळे धरले. गरज काहीच नव्हती, पण सुतारकाकांना उत्तर द्यावं लागू नये.

राहता राहिल्या विहीणबाई. त्या टापटिपीच्या, हळू बोलणाऱ्या, साडीला सुरकुती नसलेल्या. खुर्च्यांचं कापड निवडायला आल्या आणि काकूंनी त्यांना बसायला नवं स्टूल दिलं.

"विहीणबाई, राग मानू नका. तुमच्या मांजरींना पिसवा आहेत."

"छे! काहीतरीच. अहो, माझ्या मांजरी किती स्वच्छ! दिवसभर अंग चाटत असतात."

"म्हणूनच! चाटतात आणि पिसू गिळतात. त्यांनाही जंत असणार."

विहीणबाईंचा चेहरा इस्त्री बिघडल्यासारखा झाला. काकूंनी चादरीचा लाल डागाचा कोपरा पुढे धरला. मग आपण बटणला काय भरवलं, काय अंथरलं, सगळं सांगितलं, काही न लपवता. माळ्याची कथा आली तेव्हा विहीणबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. सुतारकाकांचं डोकं आपटल्याचं ऐकल्यावर तर त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"तरीच," रुमालातून त्या म्हणाल्या, "माझ्या पायाला महिनाभर खाज येतेय. मला वाटलं, वय झालं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीच्या दारात दोन विहिणी दोन टोपल्या घेऊन उभ्या होत्या आणि टोपल्यांतून असा आक्रोश चालला होता की रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मांजरींना वेगळी गोळी, वेगळे थेंब. "कुत्र्याचे थेंब मांजरीला चुकूनही नाही!" असं डॉक्टरणीने दोघींना दोनदा म्हणायला लावलं. शाळेतल्या मुलींसारखं दोघींनी ते म्हटलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी काकूंनी बटणची शी डबीत घालून तपासायला नेली. डॉक्टरणीने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "काही नाही. पण पट्टकृमी दर वेळी इथे दिसतोच असं नाही. गादीवर काय?"

"काही नाही. रोज बघते. भिंग घेऊन."

"मग काकू, घ्या नातीला मांडीवर. आणि दर तीन महिन्यांनी याला माझ्याकडे आणा, दाणे दिसोत न दिसोत."

मुलगी आली ती नातीला काखेत आणि टॉर्च हातात घेऊन. आधी तिने फरशी पाहिली. बटणची शेपटी वर करून पाहिलं, जे बटणला आवडलं नाही, पण गणिताच्या बाईंपुढे त्याचं काय चालणार? मग गादीची चेन उघडून आत टॉर्च मारला, नाक घातलं, हुंगलं.

"आई," ती म्हणाली, "तू चेन लावलीस?"

"लावली."

"आणि माळा?" तिने वर पाहिलं. वर नुसत्या तुळया. "बाबा, माळ्यावरचं सगळं कुठे गेलं?"

"बाळा, ती मोठी कथा आहे," सुतारकाका म्हणाले. "तुझ्या सासूबाईंना विचार. त्या फार छान सांगतात."

"सासूबाईंना? त्यांचा काय संबंध?"

काकूंनी घाईघाईने मूठभर खिळे ओठांत धरले आणि विहीणबाईंच्या खुर्चीकडे वळल्या. तेवढ्या वेळात नात आईच्या काखेतून सुटून फरशीवर उतरली होती. ती रांगत थेट गादीपाशी गेली आणि तिने चेनची टोकाची कडी मुठीत पकडली. बटणने तिच्याकडे पाहिलं, उठला, एक पाऊल सरकून अर्धी गादी मोकळी केली आणि पुन्हा बसला.

मुलगी पुढे झाली. थांबली. मग टॉर्च बंद करून खाली बसली.

"हात धुवायचे हं नंतर," ती लेकीला म्हणाली. "आणि ती कडी तोंडात नाही घालायची."

नातीने कडी सोडली आणि बटणचा कान धरला. काकूंना "हळू गं" म्हणायचं होतं, "माझी सोनुली ती" म्हणायचं होतं, आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. तोंडात खिळे होते. सुतारकाकांनी पुढे होऊन ओंजळ धरली आणि काकूंनी एकेक करून सगळे खिळे त्या ओंजळीत सोडले.